आंधळी, चाल आणि नाल

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. तेव्हापासून दोन प्रकारचे सूर ऐकू येत आहेत. एका सुराला वाटते की प्रौढ नागरिकाच्या स्वातंत्र्यावर आणि कौशल्यावर हा घाला आहे. दुसऱ्याला वाटते की जुगाराचा प्रश्न आता मिटला, कार्यकर्त्यांनी इतर कामांकडे वळावे. हे दोन्ही सूर लावणाऱ्यांनी ज्या वस्तूविषयी ते बोलतात तिच्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष खेळाच्या नियमांकडे, फारसे पाहिलेले नाही. नियम पाहिले तर असे दिसते की स्वातंत्र्याचा दावा पोकळ आहे आणि विजयाचा आनंद अकाली आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गणेशोत्सवातील जागरणापासून गिरणगावातील अड्ड्यापर्यंत आणि तेथून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत पोचलेली आपली तीन पानी तपासली तरी पुरे.

पाने काय सांगतात

तीन पानी हा इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ या खेळाचा हिंदुस्थानी अवतार. पोकरचा जवळचा नातलग. बावन्न पानांच्या जोडातून प्रत्येकाला तीन पाने पालथी वाटली जातात. वाटपापूर्वी प्रत्येकजण ठरलेली रक्कम मध्ये टाकतो, तिला बूट म्हणतात. हातांची श्रेणी ठरलेली आहे: सर्वांत वर एकाच दर्जाची तीन पाने, म्हणजे ट्रेल, त्याखाली एकाच रंगाचा क्रम, मग मिश्र रंगांचा क्रम, मग नुसता कलर, मग जोडी, आणि यांपैकी काहीच नसेल तर ज्याचे पान मोठे तो वरचढ.

आता थोडे गणित. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत ट्रेल ५२, एकाच रंगाचा क्रम ४८, मिश्र क्रम ७२०, कलर १,०९६ आणि जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीही नसते. म्हणजे चार हातांपैकी जवळजवळ तीन हात रिकामे. जाता जाता हेही लक्षात यावे की एकाच रंगाचा क्रम ट्रेलहून दुर्मिळ असूनही श्रेणीत त्याच्या खाली बसवला आहे. श्रेणी गणिताने ठरते अशी जी समजूत आहे ती या खेळात तरी खरी नाही; ती रूढीने ठरते.

बहुतेक हात रिकामे असतील तर डाव कशावर ठरतो? पानांवर फारच थोडा; बहुतांशी तो पैसे लावण्याच्या रचनेवर ठरतो. ज्याला या खेळाचे अर्थशास्त्र समजून घ्यायचे आहे त्याने म्हणूनच एक्का, राजा, राणी यांच्यावरून नजर काढून मधल्या ढिगाकडे वळवली पाहिजे.

न पाहण्याची सवलत

खेळाडूला दोन मार्ग असतात. पाने न पाहता खेळायचे, म्हणजे आंधळी. किंवा पाने पाहून खेळायचे, म्हणजे चाल. आंधळी खेळणाऱ्याने चालू भावाइतकी किंवा फार तर त्याच्या दुप्पट रक्कम टाकायची; पाने पाहिलेल्याने किमान दुप्पट, कमाल चौपट. आंधळीवाल्याने जितके टाकले तितका पुढचा भाव. चालवाल्याने जितके टाकले त्याच्या निम्मा.

समजा, बूट १० रुपयांचा आहे. पहिल्याने आंधळी खेळून २० टाकले. दुसऱ्याने पाने पाहिली. त्याला ४० ते ८० टाकावे लागतील. त्याने ८० टाकले, भाव ४० झाला. तिसऱ्याने आंधळीतच ८० टाकले, भाव ८० झाला. चौथ्याने पाने पाहिली असतील तर त्याला आता किमान १६० आणि कमाल ३२० रुपये टाकावे लागतील. अजून पहिली फेरीही संपलेली नाही आणि दहा रुपयांच्या खेळात टिकून राहण्याची किंमत बुटाच्या सोळापट झाली आहे. भावाला मर्यादा आहे असे नियम सांगतो. पण ती मर्यादा आधीच्या भावाच्या पटीत असल्यामुळे रक्कम पायरीपायरीने न वाढता दामदुपटीने वाढते. काही फडांत एका चालीला बुटाच्या १२८ पट आणि एकूण ढिगाला १,०२४ पट अशी सीमा घालतात. ही सीमा नसलेले फडही असतात. सीमा असली तरी १० रुपयांच्या बुटावर एका चालीला १,२८० रुपयांपर्यंत मजल जाते. दहा रुपये बुटाचा खेळ म्हणून जो बसला त्याला ही रक्कम कोणी आधी सांगितलेली नसते.

आंधळीला निम्मा भाव, ही वरवर पाहता मोठी उदार सवलत आहे. जो माहितीवाचून खेळतो त्याला कमी, जो माहिती घेऊन खेळतो त्याला अधिक. ज्ञानाला किंमत पडावी हे न्याय्यच, असे पाठ्यपुस्तक म्हणेल. परंतु आंधळी खेळणे कोणाला परवडते हे पाठ्यपुस्तक विचारत नाही. ज्याला पाचशे रुपये गेले काय आणि राहिले काय सारखेच, तो डोळे मिटून दोन दोन पट भाव चढवू शकतो. ज्याच्या खिशात आठवड्याचा पगार आहे त्याला पाने पाहावीच लागतात, आणि पाहिली की दुप्पट भरावे लागते. गरीब माणसाची सावधगिरी महाग आणि धनिकाची बेफिकिरी स्वस्त, असा हा नियम आहे. बाजारातही हेच घडते, एवढाच त्याचा वास्तवाशी संबंध.

पाने उघड करण्याविषयीचे नियमही त्याच वळणाचे आहेत. दोघेच उरल्याशिवाय ‘शो’ मागता येत नाही. मागायचा तर त्याचे पैसे मोजावे लागतात, आणि पाने पाहिलेल्याने दुप्पट मोजायचे असतात. समोरचा आंधळीत असेल तर पाहिलेल्याला शो मागण्याचा अधिकारच नाही असे अनेक फडांत मानतात. त्याने एक तर भरत राहावे, नाही तर पाने टाकावीत. शो झाला आणि दोघांचे हात सारखे निघाले तर ज्याने शो मागितला तो हरला. शेजारच्याकडे खाजगीत पाने ताडून पाहण्याची मागणी केली आणि बरोबरी झाली, तरीही मागणाराच बाद. सत्य काय आहे हे विचारणाऱ्याने किंमत द्यायची आणि शंकेचा फायदा गप्प बसणाऱ्याला मिळायचा! सावकाराच्या वहीपासून कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकापर्यंत हा न्याय श्रमिकांच्या परिचयाचा आहे.

थैलीचा विजय

यावर उत्तर तयार असते: नियम सर्वांना समान आहेत, धनिकालाही आणि गरिबालाही. हा युक्तिवाद निरुत्तर करणारा वाटतो, पण तो गणितापुढे टिकत नाही.

पॅस्कल आणि त्यानंतर हायगेन्स यांनी सतराव्या शतकातच या प्रश्नाचा विचार केला. हायगेन्सची पुस्तिका १६५७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन खेळाडूंचा खेळ अगदी न्याय्य आहे, कोणाकडेही अधिक कौशल्य नाही, अधिक नशीब नाही, असे धरा. एकाजवळ १,००० रुपये आहेत, दुसऱ्याजवळ ९,०००. एक कफल्लक होईपर्यंत खेळ चालला तर पहिला कफल्लक होण्याची शक्यता दहात नऊ आहे. दुसऱ्याने काहीही लबाडी केलेली नाही. त्याची थैली मोठी आहे, एवढेच. थैली मोठी असणारा दहा वाईट डाव सोसून अकराव्याची वाट पाहतो. थैली लहान असणाऱ्याला अकरावा डाव येतच नाही. म्हणजे समान नियम आणि विषम भांडवल यांच्या बेरजेतून विषम निकाल निघतो. श्रम आणि भांडवल यांच्यातील तथाकथित मुक्त कराराविषयी समाजवादी विचार जे सांगत आला त्याचेच हे कोष्टक आहे.

पोकरच्या नियमकर्त्यांना या दोषाची थोडी तरी जाणीव होती. तेथे मेजावर मांडलेल्या रकमेपुरतीच जोखीम असते. ज्याचे पैसे संपले तो उरलेले सर्व लावून डावात राहू शकतो, आणि इतरांनी त्यापुढे लावलेल्या रकमेचा ढीग वेगळा काढला जातो. म्हणजे कमी पैसेवाल्याला निदान आपली पाने दाखवण्याचा हक्क राहतो. आपल्याकडे घरोघरी रूढ असलेल्या तीन पानीत अशी तरतूद सहसा नसते. हातात राजांची ट्रेल असली तरी पुढच्या चालीचे पैसे नसतील तर दोनच वाटा: पाने टाका किंवा कोणाकडून तरी उसने घ्या. आणि उसने देणारा पुष्कळदा त्याच फडात बसलेला असतो. कर्जाची पहिली गाठ येथे बसते. पुढे ती पतपेढीकडे, भिशीकडे, बायकोच्या मंगळसूत्राकडे जाते.

नाल कोणाची

आतापर्यंत खेळणाऱ्यांमधील विषमतेचा विचार झाला. पण फडात आणखी एकजण असतो, जो खेळत नाही. तो अड्डेवाला. प्रत्येक ढिगातून तो आपला हिस्सा काढतो. त्याला नाल म्हणतात. कॅसिनोत आणि ॲपवर नाव बदलते, काम बदलत नाही.

सहा खेळाडू प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले, असे समजा. मेजावर एकूण ६,००० रुपये. प्रत्येक डावात सरासरी ३०० रुपयांचा ढीग होतो आणि अड्डेवाला पाच टक्के, म्हणजे १५ रुपये काढतो. पंधरा रुपयांकडे कोणाचे लक्ष जात नाही; जिंकणारा आनंदात असतो, हरणारा दुःखात. मात्र ४०० डाव झाले की काढलेली नाल ६,००० रुपये होते. मेजावर होते तितके सारे पैसे अड्डेवाल्याच्या गल्ल्यात गेलेले असतात. दरम्यान एकमेकांशी कोण जिंकले, कोण हरले याला काही अर्थ उरत नाही. हाताने पाने पिसून वाटताना तासाला तीस डाव झाले तर यास तेरा-चौदा तास लागतात. यंत्र पिसू लागले, वाटू लागले आणि हिशेब करू लागले की हा अवधी झपाट्याने आखडतो. ॲपची ‘सोय’ ती हीच.

अड्डेवाल्याला जुगारी म्हणणे चूक आहे, कारण तो कधीच जुगार खेळत नाही. तो जमीनदार आहे. पाऊस पडो न पडो, पीक कोणाच्याही शेतात येवो, त्याचा खंड ठरलेला. खेळणाऱ्यांचा आपसातील व्यवहार बेरीज-वजाबाकीने शून्य होतो; त्यातून नाल वजा केली की सर्वांचा मिळून तोटाच उरतो. कोणतीही वस्तू निर्माण न होता, कोणतीही सेवा न घडता केवळ पैशाच्या फिरण्यावर बसवलेला हा कर आहे.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

आपल्या कायद्याने मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच प्रश्नाचा काथ्याकूट केला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांच्यात रेषा ओढली. १९६८ मध्ये सत्यनारायण प्रकरणात त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानी निव्वळ नशिबाचा. पुढे ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी आपला व्यापार याच निकालाच्या पायावर उभा केला.

कौशल्य की नशीब, हा प्रश्न बुद्धीला रंजवणारा आहे. पण लुटल्या जाणाऱ्याच्या दृष्टीने तो गैरलागू आहे. खेळ कौशल्याचा असेल तर अकुशल माणूस अधिक खात्रीने लुटला जातो, एवढाच फरक. नाल दोन्हीकडे सारखीच कापली जाते. विचारायला हवे होते ते वेगळेच: पैसे लावण्याची रचना कशी आहे, सर्वांची थैली सारखी आहे काय, आणि ढिगातून हिस्सा कोण उचलतो? २०२५ च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला, खेळणाऱ्याला शिक्षा न करता खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. कायदा करणारे कोण आहेत यावर त्याचे मूल्य ठरवू नये. हे दोन्ही निर्णय योग्य आहेत आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधीही अमलात न येता पडून होता, तो २०२३ मध्ये रद्द झाला, हेही बरेच झाले.

परंतु बंदीचा कायदा पडद्यापाशी येऊन थांबला. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो चालूच आहेत. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून त्यांना वाट मोकळी केली. महाराष्ट्र शासनाची स्वतःची लॉटरी १९६९ पासूनची आहे. ऑनलाइन खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण भरणा रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसवण्यात आला, तेव्हा दोन वर्षे शासन स्वतःच सर्वांत मोठा नालवाला बनले होते. कॅसिनोवर आता ४० टक्के कर आहे. पापावर कर बसवला म्हणजे पुण्य होते, अशी कोषागाराची समजूत दिसते. वास्तविक ज्या उत्पन्नावर शासन विसंबते ते उत्पन्न बंद करण्याची इच्छा त्याला हळूहळू उरत नाही.

आणि सर्वांत मोठा फड तर सन्मानाने चालू आहे. भांडवल बाजारातील वायदे व पर्याय व्यवहारांविषयी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. व्यवहारखर्चापोटी, म्हणजे दलाली, बाजाराचे शुल्क आणि कर यांपोटी, त्यांनी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले. शेवटच्या वर्षी यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे घोषित वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी होते. शेतमालाच्या किंवा परकीय चलनाच्या भावातील जोखीम टाळण्यासाठी वायद्यांचा उपयोग होतो हे खरे. पण पाच लाखांच्या आत मिळवणारा कारकून निर्देशांकाचे पर्याय घेतो तेव्हा तो कोणती जोखीम टाळत असतो? मोठी थैली, चढता भाव आणि अखंड नाल, ही तिन्ही लक्षणे येथे जशीच्या तशी आहेत. कॅसिनो सामान्यांच्या आवाक्याबाहेर आणि महाग असावेत हे सर्वांना पटते, तेच शेअर बाजारालाही लागू व्हावे, असे केन्सने १९३६ मध्येच सुचवले होते. आपण नेमके उलटे केले. प्रवेश स्वस्त केला आणि त्याला वित्तीय समावेशन म्हटले.

स्वातंत्र्य आणि उपदेश

‘प्रौढ माणसाला आपले पैसे हवे तसे उधळण्याचे स्वातंत्र्य आहे,’ असे उदारमतवादी म्हणतात. तीन पानीत हे स्वातंत्र्य म्हणजे पाने टाकण्याचे स्वातंत्र्य. पण आधी टाकलेले पैसे परत न मिळता पाने टाकणे आणि ते वाचवण्यासाठी आणखी टाकणे, यांत निवड करण्यास सांगणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. रचनाच अशी आहे की प्रत्येक पायरीवर मागे फिरणे पुढे जाण्याहून कठीण व्हावे.

दुसरीकडे आपल्याच चळवळीतील काही मंडळी या विषयावर सोवळ्यातला उपदेश करतात: कामगाराने व्यसन सोडावे, मग घर सुधारेल. हा उपदेश तितकाच अपुरा आहे. जुगार ही गरिबाची खोड नव्हे. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचे सूक्त आहे, आणि महाभारतात द्यूताला बसलेला राजा होता. त्या सभेत एकाहून एक थोर पुरुष बसले होते. प्रश्न विचारला तो पणाला लावल्या गेलेल्या द्रौपदीने. जो स्वतःलाच हरला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न नीतीच्या उपदेशाचा नव्हता, डावाच्या रचनेचा होता. म्हणूनच सभा निरुत्तर झाली. आजही हरलेल्या डावाची किंमत ज्या स्त्रिया मोजतात त्यांनी फडाचे तोंडही पाहिलेले नसते.

गणपतीच्या मांडवात चिंचोक्यांवर तीन पानी खेळणाऱ्या पोरांना कोणी रागावू नये. तेथेही आंधळी असते, चाल असते, शो असतो. हसणे-खिदळणेही अधिक असते. फरक इतकाच की खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला सारखेच चिंचोके वाटून दिलेले असतात, कोणी नाल काढत नाही, आणि खेळ संपला की सारे चिंचोके एकाच डब्यात परत जातात. दोष पानांत नाही हे यावरून सिद्ध व्हावे.

कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. वस्तीतील बैठकीत व्याख्यान देण्याऐवजी सहा जणांचे सहा हजार रुपये चारशे डावांत कोठे जातात हे फळ्यावर मांडून दाखवावे. ॲप बंद झाल्यावर मागे राहिलेल्या कर्जांची यादी करावी, आणि ती फेडण्यासाठी खाजगी सावकाराऐवजी सहकारी पतपेढीचा मार्ग खुला करावा. शासकीय लॉटरी बंद करावी, गोव्यातील कॅसिनोंचे परवाने संपतील तसे थांबवावेत, आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाला वायदेबाजारात ओढणाऱ्या जाहिरातींना आळा घालावा, या मागण्या एकत्र मांडाव्यात. सुट्या मांडल्या तर प्रत्येक अड्डेवाला दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटेल. आणि ज्या कोणत्या फडाला सरकार उद्या उद्योग, करमणूक किंवा गुंतवणूक म्हणून मान्यता देईल, त्याच्या दाराशी उभे राहून आधी एवढेच विचारावे: येथे नाल कोण काढतो?